गाडीला अडवते कोण? वारा, घर्षण आणि शंभर वर्षे टाळलेला एक हिशेब

१/ मोटारीचा इतिहास आपल्याला बहुधा इंजिनाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. किती अश्वशक्ती, किती सिलिंडर, शून्यापासून शंभरापर्यंत किती सेकंद. माझे मत असे की हा अर्धाच इतिहास आहे. उरलेला अर्धा गाडीला अडवणाऱ्या बळांचा, म्हणजे हवेच्या विरोधाचा आणि घर्षणाचा आहे. या बळांना कसे कमी करावे याचे बरेचसे ज्ञान १९२१ सालीच हाताशी होते. तरीही ते जवळजवळ पन्नास वर्षे बाजूला पडून राहिले. ते का, आणि आज आपण तीच चूक पुन्हा कशी करीत आहोत, यावर हा दीर्घ धागा.

२/ निमित्त घरातले आहे. गेल्या दिवाळीत मामाने जुनी छोटी गाडी काढून उंच, ऐसपैस गाडी घेतली. इंजिन आधीच्यापेक्षा ताकदवान. शहरात ती झकास पळते. पण द्रुतगती मार्गावर ऐंशीच्या पुढे गेली की पुढच्या वाहनाला मागे टाकताना रेंगाळते, आणि इंधनाचा काटा भराभर खाली येतो. "अगं, एवढी पॉवर जाते कुठे?" मामाने विचारले. मी इतिहासाची विद्यार्थिनी. उत्तर शोधायला गेले ते भौतिकशास्त्रात, आणि पोहोचले पुन्हा इतिहासातच.

३/ आधी मूळ गोष्ट. बळ भागिले वस्तुमान म्हणजे त्वरण, हा न्यूटनचा नियम आपण शाळेत पाठ केला. पण येथे बळ म्हणजे इंजिनाचे सगळे बळ नव्हे, तर शिल्लक राहिलेले बळ. चाकांनी रस्त्यावर लावलेल्या जोरातून हवेचा विरोध आणि चाकांचा रोध वजा करावा. जे उरेल तेवढ्यावरच वेग वाढतो. पगार आणि बचत यांत जो फरक असतो, तोच येथे आहे. आपण गाड्यांचे पगार विचारतो, बचत विचारत नाही.

४/ ही वजाबाकी माणसाला समजायला दोन हजार वर्षे लागली. ॲरिस्टॉटलच्या मते वस्तू चालू राहायची तर तिला सतत कोणी तरी ढकलत राहिले पाहिजे. आज आपण त्याला हसतो; पण बैलगाडी हाकणाऱ्या कोणालाही हे म्हणणे पटेल. बैल थांबले की गाडी थांबते. आसाला वंगण नसेल तर लवकर थांबते. ॲरिस्टॉटल ज्या जगात राहत होता ते घर्षणाचे जग होते. त्याने घर्षणालाच निसर्गाचा नियम मानले.

५/ गॅलिलिओने १६३८ सालच्या ग्रंथात विरोध बाजूला काढून गतीचा विचार करायला शिकवले. न्यूटनने १६८७ साली 'प्रिन्सिपिया'मध्ये नियम मांडले, आणि त्याच ग्रंथाचा दुसरा खंड मुख्यतः हवा, पाणी यांसारख्या माध्यमांतील विरोधाला दिला. आपल्या पाठ्यपुस्तकांत पहिल्या खंडातील नियम आले, दुसऱ्या खंडातील विरोध मात्र "हवेचा विरोध नगण्य मानावा" या एका ओळीत गुंडाळला गेला. या एका ओळीने आपली बरीच दिशाभूल केली आहे.

६/ आता घर्षण. ग्वियोम आमोंतों याने १६९९ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले की घर्षण भाराच्या प्रमाणात वाढते, स्पर्शाच्या क्षेत्रफळाच्या नव्हे. पुढे शार्ल कूलोम या लष्करी अभियंत्याने त्याच विषयावर १७८१ साली अकादमीचे पारितोषिक मिळवले. विजेच्या नियमामुळे आपण ज्याला ओळखतो तोच हा कूलोम. त्या काळी प्रश्न मोटारीचा नव्हताच. दोरखंड, कप्प्या, जहाजे उतारावरून पाण्यात सोडणे, अशा कामांत किती जोर वाया जातो, हे राज्यसत्तेला हवे होते.

७/ मोटारीच्या बाबतीत घर्षण दोन विरुद्ध भूमिका करते, आणि येथे अनेकांचा घोटाळा होतो. पहिली भूमिका मित्राची. इंजिन गाडीला ढकलत नाही; ते फक्त चाक फिरवते. चाक रस्त्याला मागे रेटते आणि रस्ता चाकाला पुढे रेटतो. हा रेटा म्हणजेच टायर आणि रस्ता यांमधील घर्षण. ते नसेल तर हजार अश्वशक्तीची गाडीही जागच्या जागी चाके फिरवत उभी राहील. पहिल्या पावसात तेलकट झालेल्या रस्त्यावर दुचाकी घसरते तेव्हा हा मित्र हात सोडून गेलेला असतो.

८/ म्हणून त्वरणालाही छत आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर साध्या टायरचा घर्षण गुणांक ०.८ धरला, आणि चारही चाकांना जोर मिळतो असे मानले, तर त्वरण सेकंदाला सेकंदामागे सुमारे ७.८ मीटरच्या वर जाऊ शकत नाही. म्हणजे शंभराचा वेग गाठायला किमान साडेतीन सेकंद. त्याहून मोठे इंजिन बसवले तरी फक्त टायर जळतील. फक्त पुढची चाके ओढणारी असतील, तर हे छत आणखी खाली येते.

९/ दुसरी भूमिका शत्रूची. टायर फिरताना रस्त्याला टेकलेला भाग दबतो आणि वर जाताना पुन्हा फुगतो. रबर दाबायला लागलेली सगळी ऊर्जा परत मिळत नाही; थोडी उष्णता होऊन जाते. लांबच्या प्रवासानंतर टायरला हात लावून पाहा. शिवाय गिअर, बेअरिंग, आस यांचे अंतर्गत घर्षण. या सगळ्याला मी येथे चाकांचा रोध म्हणते. हा रोध गाडीच्या वजनाबरोबर वाढतो, पण वेगाबरोबर फारसा बदलत नाही.

१०/ हवेचे तसे नाही. लहानपणी एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढला की वारा तळहाताला मागे ढकलायचा आणि कंडक्टर ओरडायचे, "हात आत घ्या!" बस गावातून हळू जात असे तेव्हा काही वाटायचे नाही, हायवेला लागली की हात मागे फेकला जाई. हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट, तर विरोध चौपट. डच शास्त्रज्ञ ह्युजेन्स पॅरिसमधील प्रयोगांतून १६६९ साली या निष्कर्षापर्यंत पोहोचला होता.

११/ एक उदाहरण आकड्यांत पाहू. १२०० किलो वजनाची साधी छोटी गाडी घेऊ. आकार व टायर यांचे नेहमीचे गुणांक धरू. चाकांचा रोध सुमारे १४० न्यूटन, म्हणजे १४ किलोचे गाठोडे उचलताना लागेल तेवढा जोर. तो साधारण तेवढाच राहतो. हवेचा विरोध मात्र असा:
ताशी ३६ किमी: सुमारे ४० न्यूटन
ताशी ७२ किमी: सुमारे १६५
ताशी १०८ किमी: सुमारे ३७५
ताशी १४४ किमी: सुमारे ६६५
साठ-सत्तरच्या दरम्यान कुठे तरी हवा टायरला मागे टाकते, आणि मग मागे वळून पाहत नाही.

१२/ आता त्वरण. चाकांपर्यंत ५० किलोवॅट, म्हणजे सुमारे ६८ अश्वशक्ती पोहोचते असे माना. शक्ती तेवढीच असली तरी वेग वाढतो तसा चाकांचा जोर घटतो, कारण शक्ती म्हणजे जोर गुणिले वेग. ३६च्या वेगाला या गाडीचे त्वरण सेकंदाला सेकंदामागे सुमारे ४ मीटर असते, ७२ला १.८, १०८ला जेमतेम १, १४४ला ०.४ देखील नाही. १७०च्या आसपास शिल्लक शून्य होते आणि वेग वाढणे थांबते.

१३/ यातली खरी गंमत वजाबाकीत आहे. ३६च्या वेगाला दोन्ही विरोध मिळून चाकांच्या जोराचा पंचविसावा हिस्साही खात नाहीत. १०८ला जवळजवळ तिसरा हिस्सा खातात. १४४ला तर तीनातले दोन हिस्से. मामाच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे: पॉवर वाऱ्यात जाते. आणि त्याची गाडी आधीच्यापेक्षा उंच, रुंद व जड आहे, म्हणून अधिक जाते.

१४/ हे सारे कळायला अतिवेगवान गाडी यावी लागली. २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळच्या आशेर येथे कामीय जेनात्झी या बेल्जियन गृहस्थाने ताशी १०५.८८ किमी वेग गाठला. शंभराचा टप्पा ओलांडणारी ही पहिली मोटार. तिचे नाव 'ला जामे कोंतांत', म्हणजे 'कधीच समाधान न पावणारी'. आणि ती विजेवर चालणारी होती.

१५/ तिचे छायाचित्र अवश्य पाहा. हलक्या धातूचे, दोन्ही टोकांना निमुळते, पाणसुरुंगासारखे शरीर. वारा कापायचा, हे जेनात्झीला कळले होते. पण खालची चाके आणि सांगाडा उघडेच, आणि स्वतः जेनात्झी कमरेपासून वर ताठ बसलेला! बंदिस्त शरीराने वाचवलेले पुष्कळसे चालकाच्या छातीने आणि उघड्या चाकांनी गमावले असणार. कल्पना बरोबर होती. ती पूर्णत्वाला नेणारे शास्त्र अजून यायचे होते.

१६/ ते पुढच्या वीस वर्षांत आले. १९०४ साली लुडविग प्रांट्ल याने दाखवले की वस्तूला चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर सगळा खेळ ठरवतो. हा थर मागच्या बाजूला वस्तूपासून सुटला की तेथे भोवरे होतात, दाब कमी होतो आणि वस्तू मागे ओढली जाते. म्हणजे वारा कापणाऱ्या टोकदार नाकापेक्षा वाऱ्याला हळुवार निरोप देणारी शेपटी अधिक महत्त्वाची. इकडे गुस्ताव्ह आयफेल आपल्याच मनोऱ्यावरून वस्तू खाली सोडून हवेचा विरोध मोजत होता. १९०९ साली त्याने मनोऱ्याच्या पायथ्याशी वातबोगदा उभारला. मोठ्या नळीतून पंख्याने वारा सोडायचा आणि आत ठेवलेल्या वस्तूवर तो किती जोर लावतो ते मोजायचे, अशी ही सोय.

१७/ मग महायुद्ध झाले. व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या विमाननिर्मितीवर बंधने आली. विमाने घडवणारे काही हात मोटारींकडे वळले. त्यांपैकी एक व्हिएन्नात जन्मलेला एडमुंड रुम्पलर. १९२१ सालच्या बर्लिनच्या मोटार प्रदर्शनात त्याने थेंबाच्या आकाराची 'ट्रॉप्फेनवागेन' मांडली. वरून पाहिली तर पाण्याच्या थेंबासारखी, पुढे गोल आणि मागे निमुळती. इंजिन मागच्या बाजूला, काचा वक्र. शक्ती केवळ ३६ अश्वशक्ती. तरी एवढी मोठी गाडी ताशी ११० किमीपर्यंत जाई.

१८/ १९७९ साली फोल्क्सवागेनच्या वातबोगद्यात तिची एक शिल्लक प्रत तपासली गेली. रोध गुणांक आला ०.२८. हा गुणांक म्हणजे आकार वाऱ्याला किती अडतो याचे माप; जितका कमी तितका चांगला. १९७९ साली दुकानात मिळणाऱ्या बहुतेक नव्या गाड्यांचा गुणांक ०.४०च्या वर होता. म्हणजे अठ्ठावन्न वर्षे जुनी गाडी नव्या गाड्यांना मागे टाकत होती!

१९/ मग ती खपली का नाही? शंभराच्या आसपासच गाड्या बनल्या. इंजिन तापायचे, सामान ठेवायला जागा नव्हती, आणि रूप लोकांना विचित्र वाटले. काही बर्लिनमध्ये टॅक्सी म्हणून धावल्या. फ्रिट्झ लांगच्या 'मेट्रोपोलिस' या १९२७ सालच्या चित्रपटात भविष्यातील गाड्या म्हणून काही वापरल्या गेल्या आणि चित्रीकरणात नष्ट झाल्या. रुम्पलर ज्यू होता. नाझी सत्तेवर आल्यावर त्याची कारकीर्द संपवण्यात आली. आज त्याच्या दोनच गाड्या उरल्या आहेत, दोन्ही संग्रहालयांत.

२०/ अमेरिकेतली गोष्टही अशीच. क्रायस्लर कंपनीच्या कार्ल ब्रीअर यांनी वातबोगद्यात त्या काळच्या गाड्यांच्या प्रतिकृती तपासल्या आणि त्यांना धक्का बसला. बहुतेक गाड्या उलट्या तोंडाने ठेवल्या तर हवेला कमी अडत! कारण उघड आहे: पुढे चपटी ताठ काच, मागे उतरता आकार, उलटे केले की थेंबाच्या थोडे जवळ. यातून १९३४ साली 'एअरफ्लो' आली. ती इतकी आपटली की १९३७ साली बंद करावी लागली, आणि "वाऱ्याचे ऐकाल तर बुडाल" हा धडा धंद्याने घेतला.

२१/ युरोपात तोच धडा थोडा वेगळा घेतला गेला. झेपेलिन विमानपोतांवर काम केलेल्या पॉल यारायच्या कल्पनांवर आधारलेली टाट्रा ७७ ही चेक गाडी १९३४ सालीच आली आणि तिची परंपरा टिकली. १९४९च्या सुमारास फोल्क्सवागेनच्या डबेवजा व्हॅनचा नमुना ब्राउनश्वाइगच्या वातबोगद्यात तपासला गेला. पुढचा चेहरा गोलसर करताच गुणांक सुमारे ०.७५ वरून ०.४४ वर आला. थोडी गोलाई, एवढाच खर्च. ज्ञान होते, स्वस्त होते. सार्वत्रिक मात्र झाले नाही.

२२/ येथे एक आक्षेप मी स्वतःच घेते, कारण तो रास्त आहे. १९२१ सालचे रस्ते कसे होते? बहुतेक गाड्या चाळीस-पन्नासच्या वेगाने जात. त्या वेगाला हवेपेक्षा टायर आणि रस्ता अधिक खातात, हे वरच्या आकड्यांतही दिसते. तेव्हा सुधारणा झाली ती टायरमध्ये: डनलॉपचा हवा भरलेला टायर १८८८चा, मिशलिन बंधूंनी तो १८९५ साली मोटारशर्यतीत उतरवला, आणि १९४६ सालच्या मिशलिनच्या रेडियल टायरने चाकांचा रोध आणखी घटवला. पेट्रोलही स्वस्त होते. त्या ग्राहकाने वाऱ्याकडे दुर्लक्ष केले, तर त्याला मूर्ख म्हणता येणार नाही.

२३/ माझा आक्षेप पुढच्या काळाला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर रुंद महामार्ग झाले, वेग शंभरापलीकडे गेला. तरी गाड्या अधिक रुंद, अधिक जड आणि शेपटीला पंख लावलेल्या झाल्या. हे पंख विमानाच्या शोभेचे होते, विमानाच्या शास्त्राचे नव्हते. वाऱ्याने जे खाल्ले ते मोठ्या इंजिनाने भरून काढायचे, हे धोरण ठरले. परिस्थिती बदलली, सवय बदलली नाही.

२४/ जाग आणली ती किमतीने. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलाची नाकेबंदी केली आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव सुमारे चौपट झाला. २ जानेवारी १९७४ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्याने अमेरिकाभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किमीची वेगमर्यादा आली. वर्गाचा नियम येथे थेट राज्यकारभारात उतरला: ११२ वरून ८८ वर आल्यास हवेचा विरोध सुमारे ३८ टक्क्यांनी घटतो. लोकांनी ती मर्यादा सर्रास मोडली, आणि १९९५ साली ती रद्दही झाली. पण कारखानदारांना इशारा पुरेसा होता.

२५/ १९८२ साली आउडी १०० आली, गुणांक ०.३०. जाहिरातींतून तो आकडा अभिमानाने मिरवला गेला. रुम्पलर १९४० साली वारला होता. ज्या आकड्याचा एवढा गाजावाजा झाला, त्याहून सरस आकडा त्याच्या गाडीत एकसष्ट वर्षांपूर्वीच होता. शास्त्र पुढे गेले म्हणून हा बदल झाला नाही. ग्राहकाच्या खिशाला वारा झोंबला म्हणून झाला. माझ्या मते या साऱ्या इतिहासाचे सार एवढेच आहे.

२६/ आपल्याकडे काय? प्रीमिअर पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात बनत असे आणि मूळ साठच्या दशकातील फियाट ११०० गाडीवरचे. मुंबईच्या टॅक्सीवर वर कॅरिअर, त्यावर बोजे. वाऱ्याच्या दृष्टीने हे भयंकरच! पण मुंबईच्या गर्दीत, ताशी वीस किमीला, हवेचा विरोध एखाद्या भरल्या पिशवीएवढाही नसतो. तेथे इंधन खाते ते वजन आणि दर सिग्नलला ब्रेक लावून पुन्हा वेग घेणे. म्हणून दुर्लक्ष चालून गेले.

२७/ मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्णपणे खुला झाला. मराठी मध्यमवर्ग प्रथमच रोजच्या व्यवहारात शंभराच्या आसपास, तासभर सलग गाडी चालवू लागला. समृद्धी महामार्गाने ते अंतर आणखी वाढवले. वाऱ्याचा प्रश्न आपल्या दाराशी आला तो या रस्त्यांवरून. आणि नेमक्या याच काळात आपण उंच, चौकोनी, जड गाड्यांच्या प्रेमात पडलो.

२८/ उदाहरणादाखल: छोट्या गाडीचा गुणांक ०.३३ आणि समोरून दिसणारे क्षेत्रफळ २.१ चौरस मीटर धरा. उंच गाडीचे ०.३८ आणि २.८. दोहोंचा गुणाकार केला की उंच गाडीला वारा दीडपटीहून अधिक अडवतो. वजन पाचशे किलोने जास्त असेल, तर चाकांचा रोधही त्याच प्रमाणात वाढतो. गावाकडच्या खड्ड्यांसाठी उंची लागते, हे मला मान्य आहे. माझे आजोळही तशाच रस्त्यावर आहे. पण शहरातून द्रुतगती मार्गावर आणि तेथून पुन्हा शहरात जाणाऱ्याने या उंचीची किंमत निदान ओळखून मोजावी.

२९/ "विजेची गाडी आली की हे प्रश्न संपतील," असेही ऐकते. उलट आहे. वजनाला वेग द्यायला खर्चलेली ऊर्जा विजेची गाडी ब्रेक लावताना काही अंशी परत मिळवते. वाऱ्याला दिलेली ऊर्जा कधीच परत येत नाही. म्हणून महामार्गावर विजेच्या गाडीचा पल्ला मुख्यतः वारा ठरवतो. जेनात्झीची गाडी विजेची होती आणि निमुळतीही होती. सव्वाशे वर्षांनी आपण त्याच जागी परत आलो आहोत.

३०/ आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा: हा हिशेब मोजतो कोण? पद्धत साधी आहे. गाडी ठरावीक वेगाला न्यायची, गिअर काढायचा आणि ती आपोआप किती काळात मंदावते ते पाहायचे. त्यावरून चाकांचा आणि हवेचा वाटा वेगळा काढता येतो. मग प्रयोगशाळेतील रोलरवर तेवढाच विरोध लावून इंधनाचा खप मोजतात. म्हणजे हा पहिला आकडा कमी दाखवला की पुढचे सगळे मायलेज आपोआप चांगले दिसते.

३१/ हे काल्पनिक नाही. २० एप्रिल २०१६ रोजी जपानच्या मित्सुबिशी मोटर्सने कबूल केले की सुमारे ६ लाख २५ हजार छोट्या गाड्यांच्या बाबतीत हाच रोधाचा आकडा फिरवला होता. त्यांतील बऱ्याच गाड्या निसानच्या नावाने विकल्या गेल्या होत्या. नियमाबाहेरची मोजणीपद्धत तर १९९१ पासून वापरली जात होती. अध्यक्षांना पद सोडावे लागले. इंजिनाबद्दल खोटे बोलणे अवघड असते, कारण ते ग्राहकाला जाणवते. वारा कोणाला दिसत नाही. म्हणून त्याच्याबद्दल खोटे बोलणे सोपे.

३२/ म्हणून माझी मागणी साधी आहे. गाडीच्या माहितीपत्रकात अश्वशक्तीच्या शेजारी दोन आकडे ठळक छापावेत: रोध गुणांक गुणिले समोरचे क्षेत्रफळ, आणि चाकांचा रोध. युरोपात नोव्हेंबर २०१२ पासून प्रत्येक नव्या टायरवर रोधाची प्रतवारी दाखवणारे लेबल असते. तेथे ग्राहक गोंधळून गेलेला नाही. तारांकित फ्रीज घ्यायला शिकलेला आपला ग्राहकही हे आकडे वाचायला शिकेल. पण मोजणी त्रयस्थाने करावी आणि ती जाहीर असावी.

३३/ तोवर आपल्या हातात काय? टायरमध्ये हवा योग्य ठेवणे. रिकामा कॅरिअर टपावर मिरवत न नेणे. आणि वेग. १०० वरून ८० वर आल्यास हवेचा विरोध ३६ टक्क्यांनी घटतो, आणि ९० किमीच्या प्रवासाला जेमतेम तेरा-चौदा मिनिटे अधिक लागतात. मामाला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "हे शोरूमवाल्याने का नाही सांगितले?" मी म्हटले, "मामा, तुम्ही विचारलेत का?" तो हसला. मीही विचारले नसते.

३४/ इतिहास शिकताना आम्हाला एक सवय लावली जाते: जे घडले त्याबरोबर जे घडू शकले असते आणि अडले, त्याचीही नोंद घ्यायची. ट्रॉप्फेनवागेन अपयशी ठरली असे लिहिले जाते. मला वाटते ती गाडी अपयशी नव्हती. तिचा हिशेब ज्यांनी वाचायचा त्यांना त्या वेळी पेट्रोल स्वस्त मिळत होते, इतकेच. आज ते स्वस्त नाही, आणि हवाही पूर्वीसारखी स्वच्छ उरलेली नाही. आता तो हिशेब वाचायला काय हरकत आहे?

३५/ धागा येथे संपवते.  आकडेमोडीत किंवा इतिहासात चूक आढळल्यास निःसंकोच निदर्शनास आणावी, दुरुस्ती याच धाग्याखाली करीन. आणि नवी गाडी पाहायला जाणार असाल, तर रोध गुणांक तेवढा विचारून पाहा आणि काय उत्तर मिळाले ते येथे जरूर कळवा.